खडे काढलेले निरोप

सोमवार, ४ मार्च

मिळालं! ब्रशांचा कारखाना. नोकरी सोडल्यानंतरचं माझं पहिलं स्वतंत्र काम.

ह्यांनी माझं नवं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "व्यवसायांचं सर्वांगीण परिवर्तन. सर्वांगीण म्हणजे? डोक्यापासून पायापर्यंत? मालिशवाल्यासारखं?" ह्यांना विनोद सुचला की तो पुरवून पुरवून वापरतात. संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांनाही ऐकवून झाला.

खरं सांगायचं तर धाकधूक आहे. हे जमलं तर पुढची कामं येतील. नाही जमलं तर पुन्हा जुन्या साहेबांच्या दारात. ते "या, या" म्हणतील, आणि मला त्या "या, या"चीच धास्ती वाटते.

मंगळवार, ५ मार्च

कारखाना पाहिला. मालक बहीण-भाऊ. ताई माल तयार करून घेतात, धाकटे भाऊ विकतात. अंगणाच्या एका बाजूला ताईंची खोली, दुसऱ्या बाजूला भाऊंची. मधे टेलिफोनची खोली, आणि तिथे ऑपरेटरबाई — गोऱ्या, गुबगुबीत, आवाज असा की रॉंग नंबर लागला तरी माणूस आभार मानून फोन ठेवेल.

बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत! कित्येक वर्षं. जो काही निरोप असेल तो बाईंमार्फत. फोरमनला विचारलं, का बोलत नाहीत? म्हणाला, "आम्ही विचारत नाही. पगार वेळेवर होतो."

दुखणं उघड आहे. मोठमोठ्या इमारतींच्या फरश्या आता यंत्रं धुतात. यंत्रांना गोल ब्रश लागतात. इथे अजून लांब दांड्याचेच होतात. सुंदर होतात, पण घेणार कोण? शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी अवाढव्य झाकलेलं. "ते काय?" फोरमन म्हणाला, "ते आहे." एवढंच! पुढे विचारायची सोय नाही.

गुरुवार, ७ मार्च

कारखान्यातली माहिती कुठून कुठे जाते त्याचा नकाशा काढून भिंतीवर लावला. सगळे बाण टेलिफोनच्या खोलीतून जातात. ऑपरेटरबाई चहा घेऊन आल्या, कौतुकाने बघत राहिल्या. "मधे हा कोळी आहे तो मी का?"

हो म्हणायला जड गेलं. "मधले टप्पे काढा" हे माझं लाडकं वाक्य. मोठ्या कंपन्यांत टाळ्या घेतलेलं. इथे मधला टप्पा मला चहा आणून देतो.

सगळ्या विभागांचा मोबाइलवर एक ग्रुप करायचं ठरलं. ताईंनी विचारलं, "म्हणजे मला त्याच्याशी बोलावं लागेल?"

"बोलायचं नाही, लिहायचं."

"मग चालेल."

शुक्रवार, ८ मार्च

आज जे पाहिलं ते कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे.

सकाळी मी भाऊंच्या खोलीत होते. ते फोनवर बाईंना ओरडत होते, "सांगा तिला! गिऱ्हाइकं पळताहेत. गोल ब्रश दे, नाहीतर कारखान्याला कुलूप लाव आणि घरी जप करत बस!" मी अंगण ओलांडून ताईंकडे गेले. ताई फोन ठेवत होत्या. चेहरा शांत. मला म्हणाल्या, "धाकट्याचा निरोप. सवड मिळाली तर गोल ब्रशांचं बघ, म्हणतो. आणि तब्येत सांभाळ."

मी आ वासला तो मिटेचना.

तशीच टेलिफोनच्या खोलीत गेले. बाई जराही ओशाळल्या नाहीत. "निरोप तोच हो मॅडम. आपण धान्य निवडतो ना, तसे खडे तेवढे काढते. भाऊंचे काढते, ताईंचेही काढते. ताईंचे जास्त निघतात." आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. मी आजपासून बाईंना साखरबाई म्हणणार. (मनातल्या मनात!)

राग येईना. पण घरी येताना उलगडलं — भाऊ दोन वर्षं आग लागली म्हणून ओरडताहेत, आणि ताईंपर्यंत पोचतंय ते "जरा उकडतंय". मग कारखाना बदलणार कसा?

ताईंना सांगितलं तर साखरबाईंची नोकरी जाईल. गप्प बसले. ग्रुप सुरू झाला की आपोआप सुटेल. नाही का?

सोमवार, ११ मार्च

ग्रुप सुरू. ताईंनी एका बोटाने पहिला संदेश लिहिला: "चाचणी." भाऊंनी अंगठा पाठवला. याला म्हणतात परिवर्तन!

मंगळवार, १२ मार्च

देवा.

सकाळी भाऊंनी लिहिलं, "गोल ब्रश कधी? का संग्रहालय काढायचंय?" सगळ्या कारखान्यासमोर! ताईंचं बोट एक असलं तरी धार दहांची. "विकता येत नाही त्याने करणाऱ्याला शिकवू नये." मग भाऊ. मग ताई. पॅकिंगमधल्या कुणीतरी चुकून हसरा चेहरा पाठवला, तो बिचारा दिवसभर लपून बसला.

ताईंकडे गेले तर डोळे लाल. "इतकी वर्षं बोलत नव्हतो, पण निरोप तरी मायेचे असायचे. तुमचा हा ग्रुप आला आणि त्याच्या जिभेचं हाड गेलं."

साखरबाईंच्या खोलीत फोन वाजत नव्हता. त्या डबा उघडून बसल्या होत्या, खात काही नव्हत्या.

बुधवार, १३ मार्च

ताईंनी बोलावलं. "वाटणी करायची. शेड, माल, माणसं. तुम्ही सर्वांगीण ना? मग तुम्हीच आराखडा करा."

बाहेर पडले तर केस भरणाऱ्या बायका — ब्रशाचे, नायलॉनचे — हात थांबवून उभ्या. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "मॅडम, आम्ही कोणाच्या वाटणीला?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. घरी येऊन रडले. हे शेजारी बसून राहिले.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी तडक साखरबाईंकडे गेले. म्हटलं, तुम्ही पुन्हा निरोप सुरू करा, मी ग्रुप बंद करते. माझं सगळं शास्त्र गुंडाळून चक्क हात जोडले!

बाई म्हणाल्या, "आता नाही चालायचं. चव कळली दोघांना." मग दोन्हीकडे फोन लावला. "माझ्या खोलीत या. निरोप आहे, फोनवर देण्यासारखा नाही."

दोघं आले. दारात एकमेकांना पाहून थबकले, पण परत फिरायला कुणी तयार नाही. मी कोपऱ्यात. साखरबाई उभ्या राहिल्या. "ताई, भाऊ आधीपासून असंच बोलतात. तब्येतीचं मी घालत होते."

भाऊ म्हणाले, "मी कधी तब्येत विचारली?" ताई म्हणाल्या, "तेच तर!" आणि मग ताईंनी बाईंकडे वळून विचारलं, "किती वर्षं?"

"पहिल्यापासून. भाऊ दौऱ्यावर असायचे, तुम्ही यंत्रांच्या आवाजात. तेव्हापासून."

भाऊ एकदम ताडपत्रीच्या विषयावर आले. तिच्याखाली गोल ब्रशांचं यंत्र आहे! "मी ते यंत्र आणलं तेव्हा छान आहे म्हणालीस, आणि आठवड्यात झाकून टाकलंस. तोंडावर एक, मागे एक!"

"मी छान म्हणाले?" ताईंचा आवाज चिरकला. "अरे, मी निरोप दिला होता की मला न विचारता एवढं मोठं घेतलंस, मी तुझी कोणीच नाही का? वाट बघत होते. तू येशील, भांडशील तरी. तू आलाच नाहीस!"

"छान म्हणालीस तर यायचं कशाला?"

साखरबाईंच्या गालांवरून पाणी. "भांडण नको म्हणून केलं हो," म्हणाल्या. इतक्या बारीक आवाजात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. आणि ह्याच गोडव्याने केवढं भांडण जपलं होतं!

भाऊ मला म्हणाले, "तुम्ही दोघी बाहेर थांबा." दार लागलं. आणि मग आत जे सुरू झालं! त्यातला प्रत्येक शब्द अंगणात ऐकू येत होता आणि एकही इथे लिहिण्यासारखा नाही. मी आणि साखरबाई पायरीवर. आत टेलिफोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. बाई सवयीने प्रत्येक वेळी उठायला जायच्या आणि परत बसायच्या. मी त्यांचा हात धरला.

सुटी झाली, माणसं गेली, दार उघडलं नाही. मीही निघून आले.

शनिवार, १६ मार्च

निरोप नाही. ग्रुपवर शुकशुकाट. वाटणीचा कागद कोरा. ह्यांनी आज एकही विनोद केला नाही, म्हणजे माझं तोंड फारच उतरलेलं असणार.

सोमवार, १८ मार्च

फोन आला. एकाच फोनवर दोघं, एकमेकांच्या हातातून ओढून घेत. "आधी मी सांगते." "ताई, हळू, घाबरतील त्या." "तू गप्प रे!" वाटणी नाही. गिऱ्हाइकांच्या तक्रारी यापुढे ऑपरेटरबाई ऐकणार. "आणि आमच्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालंय," भाऊ म्हणाले. "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मागून ताई: "सांग ना नीट! मॅडम, राग मानू नका. पण भांडायचंच तर ते आमचं आम्ही फुकटात करू!"

आणि दोघं हसले. एकदम. अगदी एकसारखं हसतात ती दोघं.