काळ्या चौकोनातला पहारेकरी

सोमवार, ३

पुन्हा तेच! धाकट्याने काढलेला पहारेकरी पडद्यावर काळ्या चौकोनात उभा. डोळ्यांच्या जागी भोकं, त्यातून मागची भिंत दिसते. गेल्या आठवड्यात कोल्हा असाच आला, त्याआधी म्हातारी.

किती वेळा सांगायचं या माझ्या भावाला? आपला गेम तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी आहे. त्याला चित्र कळत नाही, आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे कळतात. एका तुकड्याला चारच रंग. त्या चारांच्या यादीतला पहिला रंग पारदर्शक होतो — म्हणून पार्श्वभूमी पहिली, काळा शेवटी. एवढंच. माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, त्या रंगांचे नुसते आकडे करते.

"ताई, मी पार्श्वभूमीच पहिली ठेवलीय," म्हणे. मग काय यंत्र खोटं बोलतं?

बुधवार, ५

आज म्हणतो, "एकदा तुझी स्क्रिप्ट बघतेस का?" चोराच्या उलट्या बोंबा! स्क्रिप्ट मी केव्हाच तपासली आहे. बुद्धिबळाच्या पटाचं काळं-पांढरं चित्र घातलं, पट जसाच्या तसा बाहेर आला. त्याच्यासमोर परत करून दाखवलं.

बोर्ड रंगवायच्या नोकरीवरून त्याला काढलं तेव्हा मला त्या मालकाचा संताप आला होता. आता मालकाचं पटायला लागलंय.

शुक्रवार, ७

जेवताना आईसमोरच बोलले. "तुला रंग तरी ओळखता येतात का? डोळे तपासून घे जा." ताट अर्धं टाकून उठला. आई माझ्याकडे बघत राहिली. बघू दे. गेमच्या स्पर्धेची मुदत वीस तारखेला संपते, ती कुणाच्या रुसव्याफुगव्यांसाठी थांबणार नाही.

सोमवार, १०

त्याच्या खोलीचं दार बंद. चित्र नाही.

बुधवार, १२

नवा पहारेकरी आला — स्वच्छ! काळा चौकोन नाही, डोळे जागच्या जागी. पाठोपाठ कोल्हा, तोही बरोबर. म्हणजे जमत होतं, करायचं नव्हतं. सरळ बोटाने तूप निघत नाही हेच खरं.

मंगळवार, १८

अठ्ठावीस चित्रं झाली, एकही चूक नाही. तरी राग काही जात नाही. महिना फुकट घालवला माझा.

स्पर्धेचा फॉर्म भरला. 'निर्मिती'पुढे दोन नावांची जागा होती. मी एकच लिहिलं. चुका निस्तरायच्या मी, आणि नाव दोघांचं? एकदा पाठवला की बदलता येत नाही, असं खाली लिहिलं होतं. बदलायचाय कुणाला! पाठवून टाकला.

बुधवार, १९

मेन्यूतला सरकणारा बाण राहिला होता. एवढ्याशा बाणासाठी त्याच्या तोंडाला कशाला लागा, म्हणून मीच काढला. पार्श्वभूमी पहिली, काळा शेवटी. पडद्यावर आला तो काळ्या चौकोनात. पोकळ.

तीनदा करून पाहिलं. मग स्क्रिप्ट उघडली.

सहाव्या ओळीत रंगांची यादी उलटी होते. मीच केलेली. पहिल्या आठवड्यात पात्रं निगेटिव्हसारखी दिसत होती, तेव्हा. खरी चूक नंतर दुसरीकडे सापडली, ती दुरुस्त केली, आणि ही ओळ काढायची राहिली. आणि मी तपासलं कशाने, तर पटाने! पट उलटा केला तरी पटच दिसतो. एवढी अक्कल नव्हती मला, आणि आवाज मात्र सगळ्यात मोठा माझा.

ओळ पुसली. उद्या सगळी चित्रं पुन्हा चालवून बघायची, मग त्याच्याशी बोलायचं.

गुरुवार, २०

त्याचा जुना पहारेकरी आज बरोबर उमटला. नवी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस काळ्या चौकोनात. प्रत्येकाची यादी त्याने हाताने उलटी करून ठेवली होती, माझ्या चुकीला जुळेल अशी.

आईला त्याच्या डोळ्यांचं विचारलं. "डोळे चांगले निघाले त्याचे. तू बोललीस, दुसऱ्याच दिवशी जाऊन आला. म्हणाला, ताईला सांगू नकोस, ती आधीच दमलीय."

फॉर्मवर एकच नाव आहे.