बारीक मुठीची मशीन

अहो मीराचे बाबा,

सातवीची शाळा सुटल्यापासून मी एवढं लांब काही लिहिलेलं न्हाई. तुम्ही असताना गरजच काय होती? चुलीपुढून हाक मारली की तुम्ही अंगणातून ‘हां’ म्हणायचे, अन् करायचे तेच जे तुम्हाला करायचंय. आज लिहायचं कारण म्हणजे उद्या सकाळी कैलासभावजी तुमची हत्यारांची पेटी न्यायला येऊन राह्यलेत. तुमचा धाकटा भाऊ, सुतारकीच करतो, त्याच्या हातात हत्यारं राहतील, असा विचार करून मी मागंच हो म्हणून बसले. पण आज दुपारी असं काही झालं की माझा जीव त्या पेटीतल्या बॅटरीच्या मशीनीत अडकलाय. आता कुणाला विचारू? तुम्हालाच विचारायला पाहिजे ना!

त्या मशीनीपायी मी तुमच्याशी किती भांडले. भांडू न्हाई तर काय करू? औरंगाबादच्या डॉक्टरनं पोटातली गाठ दोघांच्या समोर सांगितली. आता भरलेली बादली पण उचलायची न्हाई, म्हणला. परत येताना एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसल्ते. मला वाटलं, आता रडतील. मी पदर हातात धरून तयार. अन् तुम्ही काय बोलले? “सुभद्रे, एकदा जालन्याला जाऊन ती बिनवायरची ड्रिल बघून येऊ.”

मरणाच्या दारात उभा माणूस अन् ड्रिल घ्यायला निघाला! गाव म्हणला, मिस्त्रीची हौस. मी पण तेच समजले. कामाला पाहिजे, हे तुमचं म्हणणं पण तसं खोटं नव्हतं. लोडशेडिंगमुळं लाईट यायची ती तिच्या मर्जीनं. गावाखालच्या आपल्या गंगेच्या काठावर नाव उलटी करून ठेवलेली, तिथं लाईटचा खांबच न्हाई. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं फाळकं, ती मागची फळी, मोडणार ते नेमकं उसाच्या फडात. तिथंवर वायर कुठून ओढणार? छेद पाडायला जन्मभर हातानं गिरमिट फिरवून तुमचं मनगट कामातून गेलं होतं, हे तर मला ठाऊकच होतं. मी रोज तेल चोळायची.

जालन्याचं ते दुकान आठवतं का हो? दुकानवाले चाचा मशीन दाखवायच्या आधी म्हणले, पहले काम बोलो मिस्त्री, मशीन बाद में. तुम्ही सांगितलं, नावेच्या फळ्या, ट्रॉलीची फाळकी, अन् घरोघरची दारं-खिडक्या, कड्या-कोयंडे. चाचांनी लगेच मोठी काढली, दंडाएवढी. नावेचं लाकूड बाभळीचं, ट्रॉलीत लोखंडाची पट्टी, तिथं जोर लागतो, तर हीच बराबर, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही बटण दाबून बघितलं, मान हलवली, अन् लगेच माझ्याकडं दिली. “धर बरं जरा.”

मी धरली. जराशात हात भरून आला. मंग चाचांनी मधली काढली. ती पण ‘धर बरं’. मला वाटलं, तुमच्याच्यानं आता धरवत न्हाई, अन् चार गिऱ्हाइकांसमोर तसं दिसायला नको, म्हणून माझ्या हातात देता. म्हणून मी निमूट धरत गेले. शेवटी ती बारीक मुठीची निघाली. ती माझ्या हातात नीट बसली, तसं तुम्ही म्हणले, हीच द्या. चाचा समजावत राह्यले की ही नावेच्या कामाला कमी पडेल, एकेका छेदाला वेळ लागेल. तुम्ही म्हणले, लागू द्या, वेळ आहे.

वेळ आहे म्हणे! मला तिथंच रडू फुटलं असतं. पण मी भलतंच बोलले. म्हणले, पिवळी नको, हिरवी घ्या, पिवळी लवकर मळती.

दोन बॅटऱ्या मात्र तुम्ही हट्टानं घेतल्या. एकीवर काम चालू असताना दुसरी भरून तयार पाहिजे. लाईट आली की आधी बॅटरी चार्जिंगला, चहा नंतर. हे सगळं तुम्ही मला सांगत बसायचे. पार उतरू देऊ नको, उन्हात ठेवू नको, मशीनीच्या तोंडाजवळच्या कड्यावरचा आकडा जाड लाकडाला वाढव, बारक्या स्क्रूला कमी कर. मी भाजी निवडत ऐकायची अन् खेकसायची, मला कशाला सांगता, मी काय मिस्त्रीण आहे? तुम्ही हसायचे अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पार खाटेला खिळले तरी न्हाणीच्या दाराची बिजागरी माझ्याकडून बसवून घेतली. वाकडी बसली. मी म्हणले, बघा, झाली ना फजिती? तुम्ही म्हणले, दार लागतंय ना? मंग झालं तर.

अन् गेले. कोपऱ्यातला लाकडाचा भुसा मीरानं झाडून उकिरड्यावर टाकला, त्यावरून मी पोरीवर केवढी ओरडले. बिचारी सासरहून बाप गेला म्हणून आल्ती, अन् आईच्या शिव्या खाऊन गेली. घरात आता कुणी ठोकत न्हाई, घासत न्हाई. एवढं शांत घर मला न्हाई हो सोसत.

तुमच्या दहाव्याचं सांगू का? सांगायलाच पाहिजे, तुम्ही तर कुठं आडून बघत असाल. गंगेच्या घाटावर पिंड ठेवला, अन् कावळा शिवायचं नाव न्हाई! समोरच्या लिंबावर ओळीनं बसलेले, पण एक खाली येईना. जावई म्हणले, मीराला सुखात ठेवीन. कावळा हलला न्हाई. भावजी म्हणले, वैनीला अंतर देणार न्हाई. तरी न्हाई. मंग कुणीतरी म्हणलं, मिस्त्रीचा जीव त्या मशीनीत गुंतलाय, ती आणा. मशीन आणली, पिंडाशेजारी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात भावजींना काय सुचलं, तर म्हणले, “दादा, ही बघ, चालू आहे, मी सांभाळीन हिला.” अन् बटण दाबलं. घर्रर्र! सगळे कावळे उठून नदीच्या पार पलीकडं गेले.

मी पदरात तोंड घालून हसले. बाया समजल्या, रडतेय. मंग खरंच रडले. ऊन डोक्यावर आलं, लोकांचे पाय भाजायला लागले, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला अन् उठा म्हणले. सगळे उठले. मी घरी येताना एकच विचार करत होते, या माणसाचं मागं राह्यलं तरी काय? काय पाहिजे होतं तुम्हाला? माझ्याशी एवढा संसार केला, अन् शेवटची इच्छा तेवढी सांगायची राह्यली?

तेव्हापासून हेच डोक्यात. जेवताना हेच, गाईला चारा टाकताना हेच.

तर आज दुपारी भावजी आल्ते. पेटी उद्या नेईन, पण मशीन जरा चालवून बघतो, म्हणून अंगणात बसले. दोनदा धरली, दोनदा सोडली. म्हणले, “वैनी, ही मूठ माझ्या पंजात बसतच न्हाई. दादानं हे खेळणं कशाला आणलं? त्याचा पंजा तर माझ्याहून मोठा.” अन् माझ्या हातात देऊन पाणी प्यायला आत गेले.

माझी बोटं मुठीभोवती बराबर बसली. पहिलं बोट सरळ बटणावर.

मी तशीच उभी राह्यले. भावजी बाहेर येऊन विचारत होते, काय झालं वैनी, चक्कर आली का? काय सांगू त्यांना? तुम्ही स्वतःसाठी मशीन घेतलीच न्हाई. त्या दुकानात उभं राहून तुम्ही माझं तुमच्यावाचूनचं जगणं निवडत होते, माझ्याच हातावर मापून. अन् मी तिथं मशीनीचा रंग सांगत होते!

सरळ सांगायचं की हो! ‘सुभद्रे, मी जाणार, तू कुणापुढं हात पसरू नको, माझं काम तू कर,’ असं एकदा म्हणले असते तर तुमचं काय गेलं असतं? मी भांडले असते, हे खरं. मी ऐकूनच घेतलं नसतं. म्हणूनच सांगितलं न्हाई ना? पण मला राग आलाय. हा राग आता कुणावर काढू?

अन् कावळा शिवला न्हाई, ते बरंच झालं. लोकांच्या बोलण्यावर शिवला असता, तर मी समजले असते की तुमची इच्छा फिटली, अन् पेटी केव्हाच देऊन टाकली असती.

उद्या भावजींना सगळं नेऊ देते. वाकस, रंधा, पटाश्या, मोठी करवत, माझ्यानं उचलणार न्हाई ते सगळं. गिरमिट पण. मशीन अन् दोन्ही बॅटऱ्या न्हाई. चिडतील. वैनीला वेड लागलं, असं चार घरी सांगतील. जाऊबाई म्हणतील, विधवा बाईनं घाटावर जाऊन ठोकाठोकी करायची का? म्हणू द्या.

गंगेवरची नाव तुम्ही गेल्यापासून उलटीच पडलीय. तिची एक फळी निघालीय. पलीकडच्या गावच्या पोरी शाळेला लांबून वळसा घालून येतात, भावजी नावेच्या कामाला हात लावत न्हाईत, अन् नावाडी येईल-जाईल त्याला मिस्त्री विचारत फिरतो. ती फळी मी बसवणार. मला धड येत न्हाई. एकेका छेदाला वेळ लागेल, हात दुखेल, वाकडी बसेल, काढून पुन्हा बसवीन.

आपल्या घाटाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, नाव ज्यानं दुरुस्त केली, पहिल्या खेपेला त्यानंच एकट्यानं बसायचं. तर वचन देते, त्या खेपेला मी बसीन. मला पोहता येत न्हाई, हे पण तुम्हाला ठाऊक आहे. फळी टिकली तर पलीकडं उतरून तुमचं नाव घेईन, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. अन् निघालीच, तर समोरासमोर भांडायला येईन.

तुमची,
सुभद्रा