म्हातारीचा फ्यूजबॉक्स

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू स्टुलावरून पडून पाय मोडून घेतलास, हे मला तुझ्या शेजारणीकडून कळावं? चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांचं वायरिंग केलंस आणि घरातला बल्ब बदलताना आडवा झालास. फोनवर मी प्लास्टर म्हटलं की तुला मास्तर ऐकू येतं, म्हणून हे पत्र.

मी बाबांची गाडी घेऊन तुला भेटायला येणार आहे. बस मला लागते, हे तुझ्या शाळेच्या शर्टालाही माहीत होतं. पण म्हातारी रुसली आहे. वायपर चालू असताना ब्रेक दाबला की तो थांबतो, सोडला की पुन्हा पुसायला लागतो. हॉर्न तर पार मुका. बॉनेट उघडून फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं, तर आत सगळं हिरवंगार. गाडीचं वय झालं, आता भंगारात द्या, असं ह्यांचं मत पडलं. वय काही एकट्या गाडीचंच झालेलं नाही, असं मी म्हटल्यावर पुढचा चहा शांततेत झाला.

काय करू ते कळव. पाय उशीवर ठेव आणि माझ्यावरची माया पायासारखी आखडू देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पाय मोडला आहे, डोकं नाही. तेव्हा भेटायला यायची मुळीच गरज नाही. शेजारीण डबा देते. मी दिवसभर खिडकीत बसून गाड्यांचे मागचे दिवे बघतो. काल सतरा गाड्यांचे बंद होते. एकूण मजेत आहे.

तरी गाडीसाठी म्हणून सांगतो. ते हिरवं म्हणजे तांब्या-पितळेवरचा कळंक. त्यातून वीज कशीबशी झिरपते. ब्रेकच्या दिव्यांनी ती ओढून घेतली की त्याच फ्यूजवरच्या वायपरला काही उरत नाही. पुढच्या काचेचं रबर फाटलं असेल, तिथून फ्यूजच्या डब्यावर पाणी ठिबकतंय. ते आधी बदल, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

सगळ्यात पहिल्यांदा बॅटरीची वायर काढ. मग कुठली वायर कुठे लागते ते लिहून ठेव. लक्षात राहील म्हणू नकोस, मीही म्हणायचो. फ्यूज उपसून ज्या चिमट्यांत ते बसतात ते बारीक पॉलिशपेपरने पितळ चमकेपर्यंत घास. जळका फ्यूज दिसला तर त्याच आकड्याचा नवा घाल. आणि भाऊजींना बॉनेटपासून चार हात लांब ठेव.

घाई करू नकोस. आशीर्वाद आहेतच, न मागता.

तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जन्मभर शिवणकाम केलं त्याचं चीज झालं. प्रत्येक वायरला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, वहीत नोंद केली आणि दोन दिवस घासत बसले. नखं हिरवी झाली, पण पितळ नव्या बटणासारखं लखलखतंय. रबरही नवं बसवलं.

हॉर्नचा फ्यूज मात्र चांदीच्या कागदात गुंडाळलेला निघाला. ह्यांना विचारलं, तर आधी कुणा मेकॅनिकचं नाव पुढे केलं. कागद उलगडला, तर आतून चॉकलेटचा वास. साखर वाढल्यापासून घरात चॉकलेट येत नाही, असा माझा समज होता. जळका फ्यूज ह्यांनीच गेल्या वर्षी तसा चालता केला होता, हे कबूल करायला जेवणाची वेळ व्हावी लागली. नवा फ्यूज घातला आणि हॉर्न दाबला, तेव्हा हे बॉनेटखाली वाकून काय केलंय ते बघत होते. टेंगूळ आता उतरतंय.

गरज नाही म्हणालास, म्हणजे यायलाच हवं. रविवारी निघते. दाराची कडी काढून ठेव, मनाची मी बघून घेईन.

तुझी,
चिमणी

२३ फेब्रुवारी

श्री. भाऊजींस,
स. न. वि. वि.

चिमणी रविवारी सुखरूप पोचली. परत मंगळवारी निघणार होती. पण काल सकाळी मी कुबड्या घेऊन सहज गाडीपाशी गेलो आणि थोड्या वेळाने बघतो तर गाडी चालू होईना. बिघाड नाजूक आहे. जुन्या गाडीत असं होतं. एकेक वायर तपासावी लागेल, त्याला किमान आठवडा जाईल. शिवाय मला वाकता येत नाही, म्हणून ती जवळ असणं आवश्यक आहे. आपली गैरसोय होईल, त्याबद्दल क्षमस्व.

राग नसावा, असला तर माझ्यावर असावा.

आपला,
दादा

२३ फेब्रुवारी

अहो,
सा. न. वि. वि.

दादाने तुम्हाला बिघाडाबद्दल लिहिलं असेलच. कालपासून सकाळी तो खुर्ची टाकून बसतो, मी बॉनेटखाली वाकते, आणि तो बाबांपासून सुरू करून दुपारपर्यंत बोलत राहतो. तीन वर्षं भेट नाही, त्याचं साचलंय. काल त्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आज त्याचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात फ्यूज. धडधडीत चांगला. शर्ट वाळवला, इस्त्री केली आणि फ्यूज होता तिथे परत ठेवला.

बिघाड खरंच नाजूक आहे. दुधवाल्याला पुढच्या आठवड्यापर्यंत अर्धाच लिटर सांगा.

तुमचीच,
मी