आराखडा थेट गिरवावा

१९ जुलै ९४
‘रूळवाट’चा अंक आला. माझा रेल्वेचा डबा छापलाय. आधी आनंद झाला, मग पट्टी लावून पाहिली आणि शिसारी आली. संपादकमहाशयांनी आराखडा आक्रसून अर्ध्या पानात कोंबलाय. उरलेल्या अर्ध्यात परदेशी प्लास्टिकच्या गाडीची रंगीत जाहिरात. बरं, लहान केला तर केला, खाली माझं वाक्य जसंच्या तसं: ‘प्रत्यक्ष मापाचा आराखडा. कागद ठेवून थेट गिरवावा.’

पुठ्ठ्याच्या गाड्या करणारे आम्ही लोक अंकावर ट्रेसिंग पेपर ठेवूनच कामाला लागतो. पट्टी कोण लावतो? जो गिरवील त्याचा डबा इंजिनापुढे खुजा होणार, आणि नाव माझं.

मे महिन्याच्या उन्हात यार्डात उभं राहून टेप धरला होता. छोट्या लाईनचा तो शेवटचा थर्ड क्लासचा डबा, भंगारात जायच्या आधी. माझे वडील, दादा, त्या लाईनवर स्टेशनमास्तर. त्या डब्यांना झेंडी दाखवण्यात त्यांचा जन्म गेला. आणि या संपादकाने ते असं...

मूळ आराखडाही परत पाठवलेला नाही.

२४ जुलै, रविवार
पंचगंगा घाटावर नानांच्या गच्चीत. काशीत ‘रूळवाट’चे वर्गणीदार आम्ही तिघंच. नाना, मी आणि रेल्वेतून रिटायर झालेले चॅटर्जीबाबू, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही, चित्रं बघायला घेतात. जिन्यातच त्यांना सगळं सांगितलं. भडकले. ‘दीदी, ये मैगज़ीन है कि दुकान का पर्चा?’ म्हणाले, पुढच्या वर्षीपासून बंद.

नानांना मात्र सांगवलं नाही. अंक मांडीवर घेऊन पानावरून हात फिरवत बसलेले. ‘मालती, तुझ्या बाबांचा डबा मराठीत छापून आला गं. काशीत बसून आणखी काय पाहिजे?’ भिक्षुकी करताना यजमानांकडून आलेल्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे जमवून या माणसाने आख्खं स्टेशन उभं केलंय. पण काचबिंदू बळावला. डॉक्टरांनी बारीक काम मना केल्यापासून कटर सूनबाईच्या, सुधाच्या ताब्यात आहे. आता ते काही करणार नाहीत, मग विरस कशाला करा, असं वाटलं.

जाहिरातींवर मी तोंडसुख घेतलंच. तर नाना म्हणतात, ‘अगं, मराठीत निघतंय तरी. ते पण बंद झालं तर सुधा मला काय वाचून दाखवील?’

९ ऑगस्ट
संपादकांचं उत्तर. चुकीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापा असं मी लिहिलं होतं. कळवतात की, ‘वाचकांकडून तक्रार नाही, सबब दुरुस्तीची आवश्यकता वाटत नाही.’ मी कोण मग? भोपळा?

२० सप्टेंबर
नवा अंक. दुरुस्ती नाही. ‘वाचकांची दाद’ सदरात नेहमीचा लाळघोटेपणा. अंक देखणा, मुखपृष्ठ मनोहारी, संपादकांची दृष्टी विशाल. एकालाही डबा लहान वाटला नाही? का ज्यांना वाटला त्यांची पत्रं टोपलीत? वाचताना उबग आला. नानांना तेच सदर सगळ्यात आवडतं. म्हणतात, ‘आपल्यासारखे वेडे किती आहेत ते कळतं.’

६ नोव्हेंबर, रविवार
कसं लिहू.

नानांनी फराळाला बोलावलं होतं. चॅटर्जीबाबू इंजिन घेऊन आले. पितळी पत्र्याचं, वर्षभर खपून केलेलं, चोख मापाचं. पिशवीत पुढेमागे करायच्या डब्यांसाठी चाकंही होती. नाना म्हणाले, ‘थांबा, आधी माझं सरप्राइज,’ आणि सुधाला पलंगाखालचं खोकं काढायला लावलं.

तीन डबे. माझा डबा, तीनदा. लाकडी ठोकळ्यांवर उभे. खिडक्यांच्या गजांना खराट्याच्या काड्या, आत बाकंसुद्धा. सुधाकडून कटर मागून घेऊन चार महिन्यांत केले. सकाळी ऊन असेल तेवढा वेळ, भिंग लावून. अंकावर कागद ठेवून गिरवले. अर्थात.

चॅ.नी इंजिन पुढे ठेवलं. म्हशीमागे शेळ्या. सुधालाही दिसलं. नानांना नाही दिसलं, त्यांना आता सगळं धुक्यातच आहे. बोटांनी डब्याचं छत चाचपत म्हणाले, ‘डोळे जायच्या आत एक गाडी पुरी करायची होती. तुझा आराखडा होता म्हणून झाली.’

चॅ.नी तोंड उघडलं तेवढ्यात मी त्यांची बाही ओढली. मग चाकांची पिशवी त्यांनी हळूच मागे सरकवली. ‘पहिया अभी तैयार नहीं है, शास्त्रीजी.’ लावली असती तर डब्याच्या दोन्ही अंगांना बाहेर आली असती. सुधाने फोटो काढला.

जुलैत एक वाक्य बोलले असते तर!

८ नोव्हेंबर
चॅ.शी भांडण. घाटावर आकाशदिव्यांचे बांबू बघत उभे होतो. मी म्हटलं, चाकं जरा आखूड करा, त्यांना कळणार नाही.
‘गलत नाप का पहिया मैं नहीं बनाऊँगा, दीदी. और आप उनको बताती क्यों नहीं?’
‘आप बता दीजिए.’
त्यांनाही जमणार नाही. नाना आता पुन्हा डबे करू शकत नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे. हो, माप चुकलंय, पण सांगून काय साधणार? असं मी म्हणते खरी. माझंच मला पटत नाही.

२१ जानेवारी ९५
नानांनी तो फोटो मला न विचारता ‘रूळवाट’ला धाडला होता. छापलाय, पानभर. खाली: ‘आमच्या आराखड्यावरून काशीच्या वाचकाने साकारलेली तंतोतंत प्रतिकृती.’

तंतोतंत! निर्लज्जपणाला काही सीमा? इंजिन डोळ्यांसमोर, डबे डोळ्यांसमोर, तरी तंतोतंत. आमच्या म्हणे. अंक भिंतीवर आपटला.

नाना लहान मुलासारखे खूश. ‘सुधा, परत वाच. तंतोतंत.’ चाकांचं मात्र रोज विचारतात. चॅ. येणं टाळतायत.

१४ मार्च
मार्चचा अंक. इतकी वर्षं गोडगोड छापून यांना एकदम स्पष्टवक्तेपणाचा उमाळा आलाय. ‘वाचकांची दाद’मध्ये पहिलंच पत्र नागपूरच्या एका वाचकाचं: ‘गेल्या अंकातील काशीच्या गाडीस डबे म्हणावे की आगपेट्या? चाके नाहीत, मापाचा पत्ता नाही. ज्यांना पट्टी धरता येत नाही त्यांनी या छंदाच्या नादी लागू नये.’ त्याखाली संपादकांची टीप: ‘वाचकांच्या परखडपणाचे आम्ही स्वागत करतो.’

थू. माझं पत्र दाबलं, आपली चूक झाकली आणि चिखल नानांवर. इतकी किळस मला कोणाची कधी आली नव्हती. नागपूरकराचा तरी काय दोष? त्याचं माप बरोबरच आहे.

सुधा होळीला माहेरी गेलीय, जबलपूरला. नानांचा अंकही आला असणार.

२० मार्च
नानांचा निरोप, येऊन अंक वाचून दाखव. गेले. खाटेवर बसलेले, अंक उशाशी, रॅपर न फोडलेला. संपादकीय वाचलं. पुलांवरचा लेख वाचला. जाहिरातीही वाचल्या, वेळ काढायला. मग अंक मिटला.
‘पत्रं राहिली.’
‘या वेळी फारशी नाहीत नाना.’
‘असतील तेवढी वाच.’

उघडलं पान. समोर ते आगपेट्यांचं वाक्य. आणि मी वाचलं: ‘काशीच्या गाडीचे डबे पाहून डोळे निवले. खिडक्यांचे गज तर अप्रतिम. लहानपणी अशाच डब्यातून आजोळी जात असे, त्याची आठवण झाली.’ अडखळलेसुद्धा नाही. मनोहारी, विशाल, सगळं जिभेवर तयार होतं. त्या संपादकाच्या खुर्चीत मला बसवलं असतं तर शोभले असते.

नाना सरसावून बसले. मग, ‘कुठले हे गृहस्थ?’
‘नागपूरचे.’
‘पत्ता आहे?’
पत्ता असतोच छापलेला. हो म्हणून गेले.
‘घे कागद. भल्या माणसाला आभार कळवायला हवेत.’

सांगत गेले, मी लिहीत गेले. आपल्या पत्राने म्हातारपणी हुरूप आला, चाके बसली की पुन्हा फोटो पाठवतो, काशीस आलात तर घरीच उतरा, गाडी दाखवतो. सही स्वतः केली, ओळीखाली घसरली. पाकिटावरचा पत्ता मोठ्याने वाचून दाखवायला लावला, दोनदा. अंक मी माझ्या शाळेत मुलांना दाखवते म्हणून पिशवीत घालून आणलाय. सुधा परतली की मागतीलच.

पत्र उद्या शाळेत जाताना टाकते असं कबूल केलंय. टाकलं तर त्या माणसाला वाटेल नाना टोमणा मारतायत, आणि तो उत्तर लिहील, ते सुधा वाचील. नाही टाकलं तर नाना उद्यापासून पोस्टमनची वाट बघत बसणार.