नऊ मूर्तींचे डोळे

बाबा, आज चौदा डिसेंबर, रविवार, दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं झाली आहेत आणि मी रोह्याच्या त्याच शाळेच्या व्हरांड्यात बसून मुलांच्या कवितांच्या प्रती तपासतोय. शाळेत पत्रलेखनाला वडिलांना 'तुम्ही' लिहायला शिकवलं होतं, पण तसं लिहिलं की समोर कोणी दुसराच माणूस येऊन बसतो, म्हणून तोंडात होतं तसं 'तू'च लिहितो. परीक्षकांना प्रत्येक कवितेची एक स्वच्छ प्रत द्यावी लागते. आमच्या गटातली पाच मुलं आज बोलणार आहेत. चार प्रतींतले ऱ्हस्व-दीर्घ मी दोन-दोनदा पाहिले आणि कोपऱ्यात खूण केली. पाचव्या प्रतीत एकही चूक नाही आणि तरी मी तिच्यावरच अडकलोय. स्पर्धा चारला सुरू होईल. कोरे कागद आहेत, पेन हातात आहे. तू जाऊन आठ वर्षं झाली आणि इतक्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही.

स्पर्धेचे नियम तेच आहेत. कविता स्वतःची, वेळ तीन मिनिटं, हातात कागद नाही. बोलून झालं की पाच परीक्षक आपापल्या पाटीवर गुण लिहून पाटी वर धरतात. माझ्या स्पर्धेला इथे आलास तेव्हा तू म्हणाला होतास, "ह्यो लिलाव हाय का कविता?" मी हसलो नव्हतो, कारण मला भीती वाटत होती की तू सभागृहातही असंच काही मोठ्याने बोलशील. मी दहावीत होतो. वर्गात हजेरी देताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही. मराठीच्या बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हा सात-आठ मुलांना थांबवून कविता लिहायला आणि उभं राहून बोलायला लावलं, तेव्हा पहिले दोन महिने मी फक्त इतरांच्या वह्यांमधलं शुद्धलेखन तपासलं. मग एके दिवशी बोललो. बाईंनी विचारलं, सुरू करायच्या आधी सगळा श्वास सोडून देतोस, हे कुठे शिकलास? मी म्हटलं, कारखान्यात. बाबा डोळे आखताना तसंच करतात.

खरंच ते तुझ्याकडूनच आलं होतं. जोह्याच्या त्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघायची, घासली जायची, पांढरी व्हायची, अंगाचा रंग, सोवळं, दागिने, सगळं व्हायचं आणि शेवटी ती तुझ्या पुढ्यात यायची. तू ब्रश ओला करून थांबायचास. श्वास सोडायचास. आणि मग भुवईपासून खाली एकच ओढ. तेवढ्या वेळात कोणी शिंकलं तरी शेठ डोळे वटारायचे. मी लहानपणी विचारलं होतं, चुकलं तर? तू म्हणालास, "चुकला तर देव जन्मभर आपल्याकडंच बघतो, म्हनतो, काय रे बाबा, ह्ये काय केलंस." आणि स्वतःच इतका हसलास की ब्रश खाली ठेवावा लागला.

त्या वर्षी पावसाळ्यात तुझा हात थरथरायला लागला. जेवताना पाण्याचा पेला तू दोन हातांनी धरायचास. कारखान्यात मात्र तू एक वेताची काठी आडवी धरून तिच्यावर मनगट टेकवायला लागलास आणि रेघ पहिल्यासारखीच यायची, फक्त वेळ दुप्पट लागायचा. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी म्हटलं, "बाबा, मला दे ना एखादी." तू म्हणालास, "गणपतीला चष्मा लावशील." मी हट्ट धरला. शेवटी मागच्या फळीवरच्या, घरगुती, फूटभर उंचीच्या मूर्ती तू मला दिल्यास. मी नऊ मूर्तींचे डोळे काढले. मी मोजल्या होत्या. नवव्या मूर्तीला तू बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "हां. ह्यो आता बघतोय."

यावर मी कविता लिहिली. पहिल्यांदा लिहिली तेव्हा ती अशीच होती: काठी, पेला, नऊ मूर्ती. पेणच्या फेरीत तिला पाट्यांवर सहा, सात, सहा असे गुण पडले. कसाबसा पुढे गेलो. माझ्यानंतर आलेल्या एका मुलाने त्याच्या मेलेल्या भावावर कविता म्हटली आणि सभागृह गप्प झालं, मग सगळ्या पाट्यांवर नऊ. घरी येऊन मी माझी वही उघडली. मला कोणी सांगितलं नव्हतं, बाबा. मी एकट्याने बसून दोन ओळी घातल्या:

बाप म्हणाला, पोरा, हात मेला माझा,
देवाला डोळे आता तू दे.

आणि नऊ मूर्तींच्या जागी लिहिलं, दोन वर्षं मीच डोळे काढतो. बाईंचा एक नियम होता. घरातलं माणूस कवितेत आलं तर कविता आधी त्या माणसाला ऐकवायची, मग मंचावर. रोह्याला येण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी विचारलं, "वडिलांना ऐकवलीस?" मी म्हटलं, "हो."

तू अर्धा दिवस सुट्टी काढून आलास. पेणहून आपण गाडीने आलो. तू धुतलेला पांढरा शर्ट घातला होतास, पण नखांत सोनेरी रंग होता. तू मागून तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसलास. मी श्वास सोडला आणि सुरुवात केली. आवाज कुठून आला मला ठाऊक नाही. त्या दोन ओळी आल्या तेव्हा समोरच्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. टाळ्या थांबेनात. पाच पाट्या वर गेल्या, चौघांचे नऊ, एकाचे दहा. मी तुझ्याकडे बघितलं नाही. पाट्यांकडे बघत राहिलो.

परतीच्या गाडीत चषक माझ्या मांडीवर होता. निडी स्टेशनला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली, डब्यात अगदी शांत झालं, आणि तू म्हणालास, "आवाज चांगला लागला तुझा. पार मागपर्यंत आला." थोड्या वेळाने म्हणालास, "लय टाळ्या पडल्या, नाय?" मी मान हलवली. तू खिडकीबाहेर बघत तुझा उजवा हात डाव्या हाताने धरून बसला होतास.

कोणीतरी काढलेला व्हिडिओ मंगळवारपर्यंत जोह्यातल्या प्रत्येक फोनवर होता. शेठ वाईट माणूस नव्हते, पण मोठ्या मूर्तीची सुपारी देऊन गेलेल्या मंडळाचे लोक कारखान्यात येऊन उभे राहिले. त्यांना तुझ्याच हातचे डोळे हवे होते. शेठनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, दोन वर्षं पोरगा आखणी करतोय? आमाला सांगायचं तरी." मी दारातच होतो, शाळेच्या गणवेशात. एकच वाक्य बोलायचं होतं. शेठ, ते मी गुणांसाठी लिहिलं, एवढंच. रोह्याच्या मागच्या रांगेपर्यंत गेलेला माझा आवाज मला तेव्हा सापडला नाही. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालास, "व्हय शेठ. दोन वर्षं झाली. पोरगा खोटं नाय बोलत."

तुला घासकामाला बसवलं. तीस वर्षं डोळे काढलेला माणूस पॉलिश पेपर घेऊन कच्च्या मूर्तींच्या पाठी घासायला लागला. आणि दहावी झाल्यावर आखणीला शेठनी मला घेतलं, कारण मला तर येतच होती. अकरावीला मी तीन महिने गेलो आणि शिक्षण सोडलं. नऊ मूर्तींच्या जोरावर मी पाच फुटांच्या मूर्तींपुढे ब्रश घेऊन उभा राहायचो. पण माल परत आला नाही. लोक म्हणायचे, बापाचाच हात उतरलाय. मलाही तसं वाटायला लागलं होतं. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अंगणात डबा उघडला, चमचा आत राहिला होता म्हणून परत गेलो, आणि तू माझ्या मूर्तीपुढे उभा होतास. अंगभर पांढरी धूळ, वेताची काठी आडवी, मनगट काठीवर. तू श्वास सोडलास आणि बुबुळाची कड अगदी केसभर सरकवलीस. मला बघून दचकलास, चोरी पकडल्यासारखा. म्हणालास, "नजर जरा वाकडी झाली व्हती. सरळ केली. जा, जेव तू."

किती मूर्तींचं असं केलंस, मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम बाहेर बसायला लागलो, लांब, शेताच्या बांधावर, म्हणजे तुला वेळ मिळेल. दोन हंगाम असे गेले. तिसऱ्याच्या आधी, दिवाळीच्या आसपास, तुझ्या छातीत कफ भरला. पेणच्या दवाखान्यात तू सहा दिवस होतास. रोज मी खरं सांगायचं ठरवून जायचो आणि रोज डब्याचं, औषधाचं बोलून परत यायचो. पाचव्या दिवशी तू नर्सबाईंना सांगत होतास, "ह्यो माझा पोरगा. रोह्याला पयला आलाय. कविता बोलतो." त्यांनी मला बोलून दाखवायला सांगितली. मी म्हटलं, आता आठवत नाही.

बाईंची बदली झाली तेव्हा त्यांनी हा शनिवारचा गट माझ्या गळ्यात घातला. मी मुलांची शुद्धलेखनं बघतो, त्यांना श्वास सोडायला शिकवतो. स्वतः पुन्हा उभा राहिलो नाही.

आता ही पाचवी प्रत. पंधरा वर्षांची मुलगी आहे, आमच्या गटातला सगळ्यात मोकळा आवाज. तिची आई एका कँटीनमध्ये पोळ्या करते. कवितेत लिहिलंय, माझी आई पालकसभेत नोटीस उलटी धरून बसते. आई आत्ताच नवी साडी नेसून आली आहे, डबा मांडीवर घेऊन समोरच्या झाडाच्या पारावर बसली आहे. मी मुलीला बोलावलं.

"आईला ऐकवलीस?"

"हो." फार पटकन म्हणाली. तो 'हो' मी ओळखतो.

"खरंच उलटी धरते?"

ती चपलेने फरशी घासायला लागली. "नाय हो दादा. वाचते. बोट ठेवून, हळूहळू. पन बोट ठेवून वाचते म्हटलं तर कोन पाटी वर करील?"

"जा, तिला आत्ता ऐकव."

"आत्ता? वीस मिनिटं राहिलीत!"

"तीन मिनिटांचीच आहे."

"तुमी पन ना. स्वतः नंबर काढून बसलात आणि आमाला नियम." मग हळूच म्हणाली, "आई फटकावील मला. का पन, दादा?"

मी प्रत तिच्या हातात दिली. ती पाराकडे गेली. इथून मला ऐकू येत नाही, फक्त दिसतंय. ती बोलते आहे, मान खाली. आईने डबा बाजूला ठेवला. एका ठिकाणी आईचा हात तोंडावर गेला. मग तिने मुलीच्या हातून कागद घेतला, सरळ धरला, आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. अजून वाचते आहे. मुलगी आता कवितेकडे बघत नाही, त्या बोटाकडे बघते आहे. पाचव्या नंबरावर तिचं नाव आहे. ती काय बोलेल मला माहीत नाही.

आत नावं पुकारायला लागलेत. हा कागद मी घडी घालून वेताच्या त्या काठीबरोबर ठेवीन, ती अजून माझ्याच टेबलाशी असते. मुलीला मी कारण सांगितलं नाही, कारण ते तुझ्याआधी कोणाला सांगणं बरोबर नव्हतं. हात मेला असं तू कधी म्हणाला नाहीस. ब्रश मीच मागितला होता, बाबा. फक्त नऊ मूर्ती.