आतलं हँडल

२२ डिसेंबर, सोमवार

टोकावड्याला पोचलो. कराडहून निघताना वर्षा म्हणत होती, नुसता गंज काढायला एवढ्या लांब कोण जातं? तिला म्हटलं, गंज काढणारे छप्पन्न असतील, पण तुझ्या नवऱ्यासारखा डेंटर मुरबाडपासून शहापूरपर्यंत शोधून सापडला नाही म्हणून बोलावलंय. थोडी बढाई आहे, पण बायकोपुढे चालते.

गाडी बघूनच जीव खूश झाला. भरतशेठच्या आजोबांची जुनी पिकअप. गोल नाक, बटबटीत दिवे. माळशेजच्या रस्त्याला शेठचा ढाबा आहे. त्याच्यापुढे ही उभी करायची, म्हणजे लग्न ठरलेली पोरं फोटो काढायला येतील, असा बेत. इतकी वर्षं वाडीच्या कडेला आंब्याखाली पडून होती. केबिनचा पत्रा जुन्या पापडासारखा झालाय, बोट लावलं की भुगा पडतो. ढाब्यामागच्या शेडमध्ये गाडी आणि शेडला लागून माझी खोली. एक दार, गज लावलेली एक खिडकी. खिडकीतून गाडीच दिसते. म्हणजे झोपेतही कामावरच!

पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा आहे, वर्षा येणार आहे. तिला फोनवर कबूल केलं की या केबिनमध्ये पहिली बसणार ती. शेठचा नंबर नंतर.

२४ डिसेंबर, बुधवार

ड्रायव्हरकडचा दरवाजा गंजून चौकटीतच बसलाय, म्हणून आज क्लीनरच्या बाजूचा दरवाजा खोलला. गंमत म्हणजे आतून उघडायचं हँडलच नाही. काच उतरवायचंही नाही. मोडलेलं नाही, कुणीतरी मुद्दाम छाटून टाकलंय. शेठला विचारलं तर म्हणाले, आजोबांचा कारभार, आपल्याला काय ठाऊक. आणि लगेच गिऱ्हाईक बघायला गेले. कल्याणहून नवीन हँडल मागवलंय.

आणखी एक मूर्खपणा सापडला. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात. ती सगळी मेण आणि शेंदूर कालवून बुजवलेली! वर्षानुवर्षं थरावर थर. पाणी आत साठणार नाही तर काय, पत्रा सडणारच. मी स्क्रूड्रायव्हरने मेण टोकरून काढलं, तर भळाभळा पाणी आलं. गढूळ, थंडगार, नदीच्या गाळाचा वास. बादली भरली तरी थांबेना. दरवाज्याच्या पोटात एवढं पाणी मावतं कुठे? हसलो आणि दुसरी बादली लावली.

२७ डिसेंबर, शनिवार

काल सडका भाग कापून नवीन पत्रा जोडला. ग्राइंडर मारला, रेड ऑक्साइडचा हात दिला. झकास दिसत होतं. सकाळी बघतो तर त्यावरून गंज फुटून आलाय. एका दिवसात नवा पत्रा गंजत नाही. आधी वाटलं पत्राच हलका दिला दुकानदाराने. पण गंज फक्त आतल्या बाजूने आहे, जिथे हँडल असायला हवं त्या जागेभोवती. उभ्या रेघा आहेत. नखांनी ओरबाडल्यासारख्या.

घासून काढल्या. शेठला काही बोललो नाही. हसतील.

२९ डिसेंबर, सोमवार

जनाबाई आल्या होत्या. वाडीवरून ढाब्यावर लाकूडफाटा आणतात, म्हाताऱ्या आहेत. हातात मेणाचा गोळा आणि शेंदराची पुडी. गाडीची भोकं उघडी बघून मटकन खालीच बसल्या.

मग हळूहळू सांगितलं. शेठचे आजोबा मुकादम होते, वाडीवरची माणसं याच गाडीतून वीटभट्टीवर न्यायचे. जनाबाईंची मोठी बहीण कमळ भट्टीवरून पळाली होती. तिला पकडून परत नेताना केबिनमध्ये बसवलं. पळेल म्हणून हँडलं आधीच छाटली होती. वाटेत अवकाळी पावसाने फरशीपुलावर पाणी चढलं, गाडी अडकली. ड्रायव्हर आपल्या बाजूने उडी मारून सुटला, जाताना दार आदळून गेला, ते पाण्याच्या जोराने परत उघडलंच नाही. मागच्या हौद्यातली माणसं पोहून निघाली, त्यात लहान जनाबाईही होत्या. कमळ आतून काच बडवत राहिली.

गाडी बाहेर काढली, तरी दरवाज्यातून पाणी ठिबकायचं थांबेना. तेव्हा जनाबाईंच्या आईने मेण लावून ते कोंडलं. तेव्हापासून दर जत्रेआधी वाडीवरचं कुणीतरी नवा थर देतं. यंदा आंब्याखाली गेल्या तर गाडीच नव्हती.

म्हणाल्या, "आमी त्या पान्याला तिथंच कोंडून ठेवलेलं रे बाबा. तू वाट दिलीस. आता कोनाला आत बसवू नको. कोनी बसून दार लावलं का ते पानी परत येतं. तिला एकटीला करमत नाय."

मी हो हो म्हटलं. दोघांनी मिळून मेण लावलं. त्यांच्या देखतच ते सुटून खाली पडलं. त्या रडायला लागल्या.

३१ डिसेंबर, बुधवार

नवीन हँडल बसवलं होतं. सकाळी खाली पडलेलं. हातात घेतलं तर भुगा.

भोकं वेल्डिंगने बुजवली. पुन्हा उघडी.

वाटलं, दरवाजाच काढून टाकावा, लावायला दार नको आणि भीती नको. बिजागरीचे बोल्ट गंजून एकजीव झालेत. कटर लावला तर पातं तुटलं. दुसरं लावलं, तेही तुटलं.

वर्षाला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. कारण काय सांगणार? ती आधी हसली, मग रुसली. म्हणाली, तिकीट काढलंय, साडीही घेतलीय, मी येणार म्हणजे येणार.

२ जानेवारी, शुक्रवार

शेठ, आचारी, सगळे म्हशाला गेले. ढाबा बंद. शेठना सांगितलं, गाडी पुन्हा आंब्याखाली नेऊन टाका. ते म्हणाले, डोकं फिरलंय का, जत्रेनंतर बघू.

फोन चार्ज होत नाही. पीन गंजलीय. माझे हातोडे, पाने, सगळ्यांवर लाल भुकटी.

दरवाजा लागू नये म्हणून उघडा ठेवून सुंभाने खांबाला बांधलाय. घट्ट. उद्या उजाडताच स्टँडवर जाऊन बसणार. वर्षा उतरली की तिथूनच मागे फिरायचं. पगार गेला खड्ड्यात. ती इथवर यायलाच नको.

३ जानेवारी, शनिवार

कडी निघत नाही.

माझ्या खोलीची कडी. आतून. रात्रीत गंजून कोयंड्यात बसलीय. हत्यारं सगळी शेडमध्ये. खाटेच्या पायाने बडवतोय, दार हलत नाही. हात सोलले.

ओरडलो. रस्त्यावरून जत्रेचे टेम्पो जातायत, स्पीकर लावून. कुणाला ऐकू जाणार.

गज हलवून बघितले. पडायला हवे ते गंजत नाहीत. बरोबर नको तेच—

वर्षा आली.

नवी साडी. मला खिडकीत बघून हात केला. मी ओरडतोय, बसू नकोस, बसू नकोस — ती कानाला हात लावून हसतेय, स्पीकर — गाडीकडे बोट दाखवते, पहिला नंबर माझा ना —

सुंभ सोडला तिने.

बसली. दार ओढून घेतलं.

काचेवर वाफ आलीय. पावसाचा टिपूस नाही आणि केबिनमध्ये पाणी — तिच्या गुडघ्यापर्यंत — ती हँडल शोधतेय —

हे पान खिडकीतून फेकतोय. ज्याला सापडेल त्याने आधी धावत शेडमध्ये जा. दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. साधं आहे, नुसतं ओढायचं. देवाशपथ, नुसतं ओढा —

पाणी गळ्याशी. काच बडवतेय. माझ्याकडे बघतेय.

चार हात आहेत काचेवर. दोन वर्षाचे, आणि दोन

बाहेरून उघडतं, कुणीतरी बाहेरून