चेरीच्या वाइनवरची मलमल

ओल्शांका,
२१ एप्रिल १९९७, सोमवार

प्रिय मारिओला,

तुझं पत्र आणि किंगा चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेणार त्या कम्युनियनचं आमंत्रण शनिवारी मिळालं. तुम्ही दोघी बऱ्या असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो दोन वर्षं दुखतोच आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

पाकिटावर तू 'श्रीमती रेगीना वोलान्स्का यांस' असं लिहिलं आहेस. बरोबरच आहे. 'मला आई म्हणू नकोस' असं मीच तुला सांगितलं होतं, तेही दफनभूमीच्या फाटकापाशी, लोकांदेखत.

इकडे थंडी यंदा लांबली. नाशपाती फुलली आहे, सफरचंदं अजून कळीत आहेत. मागच्या कुंपणाजवळची आंबट चेरीची तिन्ही झाडं मी फेब्रुवारीत तोडून घेतली. शेजारचा अलोयझी करवत घेऊन आला आणि अर्धा तास नुसता उभा राहिला. "फळती झाडं कोण तोडतं, ताई?" म्हणाला. मी म्हटलं, तू तोडायला आला आहेस की विचारायला? मग त्याने तोडली.

किंगाच्या पांढऱ्या झग्याचं माप तू लिहिलं आहेस. शिवशील तेव्हा खाली चार बोटं कापड दुमडून ठेव. ती बापासारखी वाढणार. वितेक आठव्या वर्षी एका उन्हाळ्यात दोन बोटं वाढला होता. मेणबत्ती चर्चमधूनच मिळते, बाहेरून घेऊ नकोस, बाहेरच्या वाकतात.

आता तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानाकडे येते. दोन दिवस मी ते पान उपडं ठेवून फक्त पहिल्या पानाला उत्तर लिहीत होते. तशी दोन उत्तरं चुलीत गेली.

तू लिहितेस की किंगा पहिल्या पापकबुलीसाठी वहीत आपल्या चुकांची यादी करत होती, आणि तिने तुला विचारलं, "आई, तुझं सगळ्यांत मोठं पाप कोणतं?" तू तिला सांगितलंस, "बाबांनी प्यायली त्या वाइनवर कापड बांधायला मी विसरले." तिने विचारलं, "ते फादरना सांगितलंस?" तू म्हणालीस, "दर ईस्टरला सांगते." आणि शेवटी तू मला विचारतेस की पोरीला हे सांगितलं ते योग्य केलं ना. मी शिक्षिका होते, मला कळेल, असं तुला वाटतं.

योग्य केलं नाहीस. कारण ते खरं नाही.

सगळं क्रमाने लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा चुलीत जाईल.

वितेक गेला त्या वर्षीच्या जुलैत तू पहिल्यांदा एकटीने वाइन घातलीस. माझ्या नामदिनासाठी, मला भेट म्हणून. चेरीतल्या अळ्या निघाव्यात म्हणून फळ मिठाच्या पाण्यात भिजवलंस, तीनदा धुतलंस, एकेक बी काढलीस. मी कोठीत येऊन उभी राहायचे आणि काही बोलायचे नाही. चूक काढायला जागा नव्हती.

मग ऑगस्ट आला. काचेच्या मोठ्या बरणीच्या बुचात वाकडी नळी असते, तिच्यात दोन चमचे पाणी लागतं. त्या पाण्यातून आतली हवा बुडबुडत बाहेर जाते, बाहेरचं काही आत जात नाही. उकाड्याने ते पाणी आटलं. तू तेव्हा पिकाच्या कामात होतीस. मी ते पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, आठवडाभर पाहिलं. नळाखाली कप धरून आणायचा, एवढंच काम होतं. मी मनात म्हटलं, शिकू दे तिला. आंबलेल्या फळाच्या वासावर चिलटं कुठून कुठून येतात आणि केवढ्याशा भोकातून शिरतात, हे मी पाचवीच्या वर्गाला शिकवत असे. तशी ती आली आणि शिरली.

सात सप्टेंबरला, संत रेगीनाच्या म्हणजे माझ्या नामदिनाला, अक्रोडाखाली टेबल मांडलं होतं. वाइन तू दोनदा गाळलीस. तरी बरणीच्या गळ्याला चिकटलेली चार-दोन चिलटं ओतताना आलीच असणार. तू तपकिरी मातीचा जग काठोकाठ भरलास, त्याच्या तोंडावर मलमलीचा तुकडा टाकलास आणि दोरा दोनदा गुंडाळून गाठ मारलीस. मग जग टेबलावर आणून ठेवलास आणि भट्टीतलं बदक बघायला आत गेलीस.

ती गाठ मला नखाने सोडवावी लागली, मारिओला. इतकी घट्ट होती.

मी मलमल काढून एप्रनच्या खिशात घातली. चमचा घेऊन चिलटं शोधली. पाच सापडली. पांढऱ्या बशीच्या कडेला ओळीने मांडली आणि नवऱ्यासोबत बसलेल्या शेजारच्या गेनोवेफापुढे सरकवली. "बघ," म्हटलं, "सुनेने नामदिनाला दिलेली भेट. मांसाहारी वाइन." गेनोवेफा हसली. अलोयझीही हसला.

एवढ्यात वितेक खुर्च्या घेऊन आला. त्याने बशी पाहिली.

"आई, तिने दोन महिने जीव टाकलाय या वाइनवर."

"चिलटांनीही टाकलाय," मी म्हटलं. "दिसतोय की."

त्याने बशी उचलून गवतात उपडी केली. अर्धा तास जग तसाच उघडा राहिला. मी बशी मांडल्यावर त्याला हात कोण लावणार? सगळे चहा आणि अलोयझीची व्होडका पीत होते. आलुबुखाराच्या केकवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या, त्या दिवसांत असतातच. गेनोवेफा पंखा घालून त्यांना उडवत होती, त्या उडून जिथे वास असेल तिथे जात होत्या. झाकायचं कापड माझ्या खिशात होतं.

मग वितेक उठला. त्याने आपला मातीचा मोठा मग जगातून भरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्या बायकोच्या हातची आहे. चिलटांसकट पितो." आणि एका दमात प्यायला.

पुढचं तुला ठाऊक आहे असं तुला वाटतं. तू बदकाची परात घेऊन बाहेर आलीस ती त्यानंतर. त्याआधीचं फक्त आम्हाला ठाऊक आहे.

त्याने मग खाली ठेवला आणि गळा धरला. डोळे मोठे केले. अलोयझी मांडीवर थाप मारून हसला, "अरे, चिलट अडकलं याच्या घशात!" आम्हा सगळ्यांना वाटलं, तो मला खिजवायला सोंग करतोय. लहानपणी करायचा तसं.

मी म्हटलं, "पुरे कर तमाशा. बस खाली."

आणि तो बसला. बत्तीस वर्षांचा पुरुष, घशात गांधीलमाशी डसलेली, श्वास कोंडलेला, आणि आई म्हणाली म्हणून खाली बसला. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. गेनोवेफाने केकचा तुकडा कापून ताटलीत ठेवला, तेवढा. मग त्याचे ओठ निळे दिसले.

घशात डसलं तर सूज किती झपाट्याने चढते, बर्फ चोखायला द्यायचा, एक क्षण घालवायचा नाही, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. तू सरपंचांच्या घरी फोनला धावलीस, चपला टाकून. अँब्युलन्सला चाळीस मिनिटं लागली. त्याला तेवढी मिनिटं नव्हती. मी ज्यात त्याला बसवलं ती मिनिटं त्याच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला म्हणाले, "कापड बांधलं असतंस तर."

तू म्हणालीस, "मी बांधलं होतं, आई."

मी म्हटलं, "नक्की?"

एवढा एकच शब्द. शिक्षिकेला ठाऊक असतं, मुलाने बरोबर लिहिलेलं उत्तर त्याच्याच हाताने कसं खोडायला लावायचं. फक्त त्याच्याकडे बघून "नक्की?" म्हणायचं. तू माझ्याकडे बघत राहिलीस, आणि तुझ्या चेहऱ्यावरची खात्री जाताना मी पाहिली. दफनाच्या दिवशी तूच सगळ्यांना सांगत होतीस की बहुतेक बांधायला विसरले. मी तुझ्याशेजारी उभी होते.

मी विसरले होते असं समजू नकोस. मलमल मी त्याच संध्याकाळी धुतली, वाळल्यावर इस्त्री केली आणि उशांच्या अभ्र्यांखाली ठेवली. घरात मुलाचं प्रेत असताना मी हे केलं. का, याचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि तुलाही कळेल.

त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी माझ्याखेरीज आता अलोयझी आणि गेनोवेफा दोघंच उरलेत. तिचा नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. काल प्रार्थनेनंतर मी दोघांना जाऊन सांगितलं. अलोयझीने टोपी हातात फिरवली आणि म्हणाला, "मग झाडांना कशाला शिक्षा केलीस, ताई?" गेनोवेफा बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"कापड तुझ्या हातात होतं ते मी पाहिलं होतं, रेगीना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला? तुला कोण काय सांगणार, बाई? माझ्या तिन्ही पोरांना तू शिकवलंस. अजून तुझ्या दारात यायच्या आधी मी माझी नखं बघते."

म्हणजे अडीच वर्षं दोघींना ठाऊक होतं, आणि जिला ठाऊक असायला हवं होतं ती लुब्लिनला दोन खोल्यांत राहून दर ईस्टरला माझं पाप सांगत होती. ते आता बंद कर. ते मी सांगायचं आहे आणि मी ते एकदाही सांगितलेलं नाही.

किंगाची पापकबुली दहा मेला आहे. त्याआधी हे पत्र तिला वाचून दाखव. जड शब्द मी मुद्दाम टाळले आहेत, तिला कळेल. 'बस खाली' ही ओळ गाळू नकोस. ती ऐकून तिला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे, समजावू नकोस.

आमंत्रणाला मी हो म्हटलेलं नाही. ते तू दुसऱ्याच बाईला पाठवलं होतंस. हे वाचून पुन्हा बोलावलंस तर अकराला कम्युनियनसाठी सकाळच्या बसने येईन आणि मागच्या बाकावर बसेन. पत्र आलं नाही तर मी दुसरं लिहून तुला त्रास देणार नाही.

सोबत ती मलमल आहे. गाळायचं कापड वेगळं होतं, ते तुला आठवेल. हिच्या मधोमध चेरीचा गोल डाग आहे, जगाच्या तोंडाएवढा. भरलेला जग तू टेबलापर्यंत आणलास तेव्हा वाइन हिंदकळून कापडाला आतून लागली. बांधलेलं नसतं तर असा गोल उमटला नसता. दोन वेळा उकळलं तरी तो गेला नाही.

तू बांधलं होतंस, मारिओला. नक्की.

रेगीना